तेलगळती आणि खाडीकिनाऱ्याचा नकाशा

मुंबई बंदराच्या पूर्व अंगास शिवडी येथे ओहोटीच्या वेळी जो विस्तीर्ण चिखल उघडा पडतो, तो पाहणाऱ्यास निरुपयोगी वाटण्याचा संभव आहे. त्यावर पीक नाही, गवत नाही, आणि चालू गेल्यास पाय गुडघ्यापर्यंत रुततो. शिवडीच्या जुन्या किल्ल्यावरून पाहिले असता एका बाजूस तिवरांची रांग, समोर हा चिखल, पलीकडे ट्रॉम्बेचे तेलशुद्धीकरण कारखाने आणि आग्नेयेस जवाहर द्वीप हे तेलवाहू जहाजांचे बंदर असा देखावा दिसतो. जानेवारी २०२४ मध्ये वाहतुकीस खुला झालेला २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतूही येथूनच निघून न्हावा शेव्याकडे जातो. तेल आणि चिखल यांचे इतके निकटचे शेजार महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अन्यत्र क्वचितच आढळेल. ट्रॉम्बेचे पहिले दोन कारखाने १९५४ व १९५५ मध्ये सुरू झाले. म्हणजे हे शेजार सात दशकांचे आहे.

हा चिखल निरुपयोगी नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. त्याच्या वरच्या पातळ थरात सूक्ष्म शेवाळ वाढते. त्यावर कृमी, शिंपले व लहान खेकडे जगतात, आणि त्यांवर मासे व पक्षी. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत हजारो रोहित पक्षी याच शेवाळासाठी शिवडीस उतरतात. खाडीकाठची माणसेही याच चिखलावर निवटी, चिंबोऱ्या, कालवे आणि तिसऱ्या गोळा करीत आली आहेत. शेतीच्या भाषेत सांगावयाचे तर हे एक न नांगरलेले शेत आहे; भरती त्यास दिवसातून दोनदा खत घालते व ओहोटीस ते कापणीसाठी मोकळे होते.

शिवडीचे पाणी शिवडीपुरते नाही. जी भरती शिवडीच्या तिवरांत शिरते, तीच ठाण्याच्या खाडीत वर चढते, पनवेलच्या खाडीत जाते आणि उरणच्या खारजमिनींच्या बांधांना लागते. बंदरात सांडलेले तेल एका भरतीच्या सहा तासांत कोणत्या गावच्या उघाडीपाशी जाऊन पोचेल, हा प्रश्न म्हणूनच मुंबईकरांपेक्षा रायगड व ठाणे जिल्ह्यांतील भात पिकविणाऱ्यास अधिक जिव्हाळ्याचा आहे.

तेल किनाऱ्यावर काय करते

सांडलेले तेल पाण्यावर तरंगते व प्रवाहाबरोबर जाते. याखेरीज वारा त्यास स्वतःच्या वेगाच्या सुमारे शेकडा तीन इतक्या वेगाने ढकलतो. ताशी ३० किलोमीटर वेगाचा नैर्ऋत्य वारा वाहत असेल तर तेलाचा तवंग केवळ वाऱ्यामुळे ताशी सुमारे एक किलोमीटर जमिनीकडे सरकतो. पावसाळ्यात हा वारा समुद्राकडूनच येत असल्याने त्या दिवसांतील तेल बहुधा किनाऱ्यास लागल्याशिवाय राहत नाही.

सर्व तेल सारखे नसते. डिझेलसारखे हलके तेल बरेचसे उडून जाते, परंतु उडण्यापूर्वी पाण्यातील जिवांस अधिक विषारी ठरते. जहाजांच्या इंजिनांत जळणारे जड तेल उडत नाही. ते पाण्याशी घुसळून दाट, चिकट लगदा बनते आणि ज्या वस्तूस लागेल तिला धरून बसते. तिवराची श्वसनमुळे चिखलातून बोटांसारखी वर आलेली असतात व त्यांवरील सूक्ष्म छिद्रांतून झाड हवा घेते. त्यांवर तेलाचा लेप बसला म्हणजे झाड हळूहळू गुदमरते. पाने लगेच गळत नाहीत. काही आठवड्यांनी पिवळी पडू लागतात, आणि तोवर पाहणी करणारे अधिकारी बहुधा परत गेलेले असतात.

चिखलाची गोष्ट आणखी निराळी आहे. ओला चिखल पाण्याने भरलेला असल्यामुळे तेल एरवी त्यात सहसा मुरत नाही. परंतु खेकड्यांची बिळे त्यास वाट करून देतात. त्याहून मोठी वाट माणसाचा पाय करून देतो. सद्‌हेतूने तेल काढावयास उतरलेली शंभर माणसे एका ओहोटीत वरचे तेल हातभर खाली तुडवू शकतात. हवा न पोचणाऱ्या त्या थरात तेल कुजत नाही व वर्षानुवर्षे थोडेथोडे झिरपत राहते. वाळूच्या चौपाटीवर फावडे घेऊन धावणे योग्य ठरते. चिखलावर तेच कृत्य नुकसान वाढविते. कोठे धावावे आणि कोठे मुळीच पाऊल टाकू नये, हे तेल येण्यापूर्वी ठरलेले असावे लागते, आणि त्यासाठीच नकाशा पाहिजे.

किनाऱ्याचे दहा अंक

अशा नकाशांची पद्धत अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात रूढ झाली. १९७९ मध्ये मेक्सिकोच्या आखातात इक्स्टॉक नावाची तेलविहीर फुटली व तिचे तेल टेक्सासच्या किनाऱ्याकडे सरकू लागले, तेव्हा ते पोचण्यापूर्वी घाईघाईने किनाऱ्याचे वर्गीकरण करून नकाशे तयार करण्यात आले. या पद्धतीत किनाऱ्यास १ ते १० असे अंक देतात. लाटांनी सतत धुतल्या जाणाऱ्या उघड्या, उभ्या खडकास १, कारण तेथील तेल समुद्रच काढून नेतो. बारीक वाळूच्या चौपाटीस ३. मोठमोठे दगड रचून केलेल्या धक्क्यास ६, कारण तेल दगडांच्या फटींत दडून बसते. मरीन ड्राइव्हवरील चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे याच जातीचे मानावयास हरकत नाही. लाटांपासून आडोसा असलेल्या चिखलास ९ आणि दलदल व कांदळवन यांस १०. शिवडीच्या किनाऱ्यावर या मोजणीतील शेवटचे दोन अंक एकमेकांस लागून आहेत.

केवळ अंक देऊन नकाशा पुरा होत नाही. त्यावर पक्षी, मासे व शिंपले यांच्या जागा महिन्यांसह दाखवितात. मच्छीमारांचे धक्के, मिठागरे, पाणी घेण्याची तोंडे आणि किनाऱ्यापर्यंत वाहन नेता येईल असे रस्ते दाखवितात. महिन्यांची नोंद विशेष महत्त्वाची आहे. शिवडीस फेब्रुवारीत तेल आले तर रोहित पक्ष्यांचा प्रश्न पहिला. ऑगस्टात आले तर पक्षी बहुतांशी गेलेले असतात, पण उरणच्या खारीत भात उभे असते. एकाच नकाशाने दोन्ही वेळी दोन निरनिराळी उत्तरे दिली पाहिजेत.

अमेरिकेने या कामास कायद्याचा आधार दिला तो एका अपघातानंतर. मार्च १९८९ मध्ये एक्सॉन व्हाल्डेझ हे जहाज अलास्कात खडकावर चढले. १९९० मध्ये तेथे तेलप्रदूषण कायदा झाला आणि प्रत्येक किनारी विभागाने आपल्या नाजूक जागा आगाऊ नोंदवून त्यांच्या रक्षणाची योजना ठेवावी, असे बंधन आले. पुढे असे आढळले की नकाशे जुने होतात. तेथील पंचमहासरोवरांचे नकाशे अनेक दशके बदललेच नव्हते, तेव्हा ते ठराविक काळाने नवे करावेत यासाठी जानेवारी २०२१ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. जुना नकाशा हातात असणे हे नकाशा नसण्यापेक्षाही कधीकधी घातक असते, कारण त्यावर विश्वास ठेवला जातो.

आपल्याकडील व्यवस्था

भारतात तेलासाठी किनाऱ्याचे असे नकाशे हा स्वतंत्र कायद्याचा विषय झालेला नाही. निरनिराळे कायदे, अधिसूचना व योजना मिळून ही व्यवस्था उभी आहे आणि ती नीट समजून घेतल्याखेरीज गावपातळीवरील कर्मचाऱ्यास कोणाकडे जावे हे कळणार नाही.

तटरक्षक दलाच्या १९७८ च्या कायद्याने सागरी प्रदूषणास आळा घालणे हे त्या दलाचे एक कर्तव्य ठरविले. १९८६ पासून समुद्रातील तेलगळतीच्या निवारणाचे केंद्रीय काम त्याच दलाकडे आहे. मे १९९३ मध्ये मुंबई हायच्या तेलक्षेत्रात वाहिनी फुटली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात राष्ट्रीय तेलगळती आपत्ती योजनेस मान्यता मिळाली व १९९६ मध्ये ती जारी झाली. २०१५ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. या योजनेत कामाची वाटणी आहे. ७०० टनांपर्यंतच्या गळतीस तोंड देण्याची साधने बंदरे व तेल हाताळणाऱ्या संस्था यांनी बाळगावयाची. त्यापुढील गळतीस तटरक्षक दलाची साधने व अखेरीस बाहेरची मदत. बंदराच्या हद्दीतील पाण्याची जबाबदारी बंदराची. किनाऱ्यास लागलेले तेल काढणे मात्र राज्य शासनाकडे, म्हणजे प्रत्यक्षात जिल्हा प्रशासन व स्थानिक संस्था यांच्याकडे येते. ज्या क्षणी तेल पाण्यावरून जमिनीवर येते, त्या क्षणी जबाबदारीही जहाजावरून तालुक्याकडे येते, आणि तालुक्याकडे बहुधा या कामाचा अनुभव नसतो.

दुसरा आधार किनारा नियमनाचा. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली फेब्रुवारी १९९१ मध्ये पहिली अधिसूचना निघाली, नंतर २०११ व २०१९ मध्ये तिच्या जागी नव्या आल्या. कांदळवने, जिवंत चिखलपट्टे, पक्ष्यांच्या घरट्यांच्या जागा, कासवांच्या विणीच्या जागा यांस त्यात सर्वांत कडक वर्ग दिलेला आहे. राज्यांनी किनाऱ्याचे नकाशे करून केंद्राची मान्यता घ्यावयाची असते. गावपातळीवरील नकाशे १ : ४००० या प्रमाणावरचे, म्हणजे सर्व्हे क्रमांक ओळखता येतील असे असावेत, अशी अपेक्षा आहे. तिसरा आधार न्यायालयाचा. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील कांदळवनांची तोड थांबविली व उपग्रहाच्या साहाय्याने त्यांचे नकाशे करण्यास सांगितले. सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने हे संरक्षण कायम केले. राज्याच्या वन विभागात २०१२ पासून कांदळवनांसाठी स्वतंत्र कक्ष काम करीत आहे. ठाणे खाडीचा एक भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाला; शिवडी मात्र त्या अभयारण्याच्या सीमेबाहेर राहिली.

नकाशे अनेक झाले, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु ते कशासाठी केले गेले हे विसरता कामा नये. किनारा नियमनाचा नकाशा इमारत कोठे बांधू नये हे सांगतो. कांदळवनाचा नकाशा झाड कोठे आहे हे सांगतो. तेलाचा तवंग रात्री दोन वाजता खाडीच्या तोंडाशी आला असता अडसर कोठे बांधावा, होडी कोणत्या धक्क्यावरून सोडावी, कोणती उघाडी प्रथम पाहावी, हे त्यांपैकी एकही सांगत नाही. हे सांगणारी माहिती खाडीकाठच्या माणसांपाशी असते व ती कागदावर आणणे हेच खरे राहिलेले काम आहे.

ऑगस्ट २०१०

७ ऑगस्ट २०१० रोजी सकाळी मुंबई बंदराच्या तोंडाशी चित्रा हे मालवाहू जहाज आणि खलिजिया ३ हे दुसरे जहाज यांची टक्कर झाली. चित्रावर १,२१९ मालपेट्या व सुमारे २,६०० टन इंधनतेल होते. जहाज कलले, शेकडो पेट्या समुद्रात पडल्या. काहींत कीटकनाशके होती. सुमारे ८०० टनांपर्यंत तेल सांडले असा अंदाज करण्यात आला. तटरक्षक दलाने तातडीने मोहीम हाती घेतली. दिवस नैर्ऋत्य वाऱ्याचे होते आणि लगतच आषाढ अमावास्या आली. उधाणाच्या भरतीने तेल नेहमीच्या रेषेच्या पुष्कळ वर, तिवरांच्या आतपर्यंत नेले. उरण, घारापुरी आणि अलिबागकडील किनाऱ्यास ते लागले.

उधाणाचा हा परिणाम ग्रामीण वाचकास वेगळा समजावून देण्याची गरज नाही. उधाणाने वर टाकलेली वस्तू पुढचे तितकेच मोठे उधाण येईपर्यंत तेथेच राहते. अष्टमीस तेल आले असते तर ते खालच्या पट्ट्यात राहिले असते व रोजच्या भरतीने थोडेफार धुतले गेले असते. नकाशावर भरतीची एकच रेषा न काढता उधाणाची व भांगाची अशा दोन रेषा काढाव्यात, हा चित्राचा पहिला धडा.

मासेमारी थांबली. बाजारात मासळीस गिऱ्हाईक राहिले नाही. ज्या गावांच्या पाण्यात तेलाचा थेंबही आला नव्हता तेथील कोळिणींचीही विक्री बसली. पुढच्याच वर्षी, ४ ऑगस्ट २०११ रोजी, राक नावाचे कोळशाचे जहाज मुंबईजवळ बुडाले व त्याचेही इंधनतेल गळले. त्या प्रकरणी राष्ट्रीय हरित अधिकरणाने ऑगस्ट २०१६ मध्ये १०० कोटी रुपयांच्या पर्यावरण भरपाईचा निकाल दिला. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईजवळ एन्नोर येथे दोन जहाजांच्या टकरीनंतर किनाऱ्यावरील जड तेल माणसांनी बादल्यांनी उपसल्याची छायाचित्रे देशभर प्रसिद्ध झाली. अपघात टळत नाहीत. तयारीचा प्रश्न राहतो.

खारजमिनी व उघाड्या

तरत्या अडसरांविषयी एक गोष्ट माहीत असणे आवश्यक आहे. प्रवाह ताशी सुमारे १.३ किलोमीटरपेक्षा वेगवान असेल आणि अडसर त्यास आडवा बांधला असेल तर तेल त्याच्या खालून निसटते. मुंबईच्या खाड्यांत उधाणाच्या दिवशी प्रवाह याहून वेगवान असतो. म्हणून अडसर तिरपा बांधून तेल एका कडेच्या संथ पाण्याकडे वळवावे लागते व तेथून ते उपसावे लागते. असे संथ पाण्याचे कोपरे कोठे आहेत हे जुन्या नाखव्यांना ठाऊक असते. ते त्यांस विचारून नकाशावर खुणेने दाखविले पाहिजे.

खारजमिनीच्या बांधातील उघाडी हे तेलास आत शिरण्याचे द्वार होय. ओहोटीस आतील पाण्याच्या दाबाने झडप उघडते व भरतीस बाहेरच्या दाबाने मिटते. झडप चांगली असेल तर भरतीबरोबर आलेले तेल बाहेरच थांबते. झडप कुजलेली किंवा दगड अडकून अर्धवट उघडी असेल तर मात्र एका रात्रीत तेल भाताच्या खाचरांत पसरते. ऑगस्टात उघाडी पूर्णपणे बंद करून ठेवणेही परवडत नाही, कारण आत पावसाचे पाणी तुंबून भात बुडते. यास उपाय एवढाच, की झडप दुरुस्त असावी, ती केवळ ओहोटीस उघडू द्यावी, आणि बाहेरच्या तोंडाशी बांबू व पेंढा यांचा तरता अडसर ठेवावा. कोरडा पेंढा तेल चांगले शोषून घेतो. तेल शोषलेला पेंढा परत काढून जाड प्लास्टिकच्या कापडावर ठेवावा. तो खताच्या खड्ड्यात घालू नये, जाळू नये, विहिरीजवळ टाकू नये, आणि गुरांच्या वाटेवर तर मुळीच राहू देऊ नये. तेल लागलेल्या तिवरांचा पालाही गुरांस घालू नये.

प्रत्येक गावाने आपल्या बांधावरील उघाड्यांना क्रमांक देऊन त्यांची स्थिती नकाशावर लिहावी. मिठागरांची पाणी घेण्याची तोंडे व कोळंबीच्या तळ्यांची दारे याच यादीत घ्यावीत. हे काम ग्रामपंचायत, खारभूमी विभागाचे कर्मचारी व मच्छीमार संस्था यांनी मिळून एका उन्हाळ्यात पुरे होण्यासारखे आहे.

भरपाई आणि पुरावा

तेलवाहू जहाजातून वाहून नेल्या जाणाऱ्या तेलाने नुकसान झाले तर आंतरराष्ट्रीय करारांन्वये जहाजमालकाकडून व त्यापुढे एका सामायिक निधीतून भरपाई मागता येते. भारत या करारांत सामील आहे. नुकसान झाल्यापासून तीन वर्षांच्या आत हालचाल करावी लागते. चित्रासारख्या मालवाहू जहाजाच्या इंजिनाच्या तेलास हा निधी लागू होत नाही. तेथे जहाजमालक व त्याचा विमा यांच्याकडेच पाहावे लागते. सागरी नौवहनाचा १९५८ चा कायदा बदलून संसदेने २०२५ मध्ये नवा कायदा संमत केला असून जहाजांच्या प्रदूषणाची जबाबदारी हा त्याचाही एक भाग आहे.

कोणताही मार्ग असला तरी मागणी पुराव्यावर ठरते. नौका असलेल्या मच्छीमाराजवळ नोंदणी, डिझेलच्या पावत्या व संस्थेच्या वहीतील आकडे असतात. भात उभे असलेल्या शेतकऱ्याजवळ सातबारा असतो. ओहोटीस चिखलावर उतरून तिसऱ्या व कालवे गोळा करणाऱ्या बाईजवळ मात्र काहीच नसते. तिचा चिखल कोणाच्या नावावर नाही, तिची विक्री कोठे लिहिलेली नाही, आणि नकाशावर तिची जागा कोरी आहे. नुकसान तिचे पहिले व सर्वांत दीर्घकाळचे होते, आणि पंचनाम्यात ती येत नाही. नकाशा करताना कोणत्या वस्तीतील किती माणसे कोणत्या चिखलावर कोणत्या महिन्यांत उतरतात, ही नोंद करून त्यावर ग्रामसभेचा ठराव घेतला तर हा दोष पुष्कळ अंशी दूर होतो.

तेल प्रत्यक्ष दिसल्यास तटरक्षक दलास १५५४ या निःशुल्क क्रमांकावर व तहसील कार्यालयास तत्काळ कळवावे. दिसल्याची वेळ, भरती की ओहोटी, वाऱ्याची दिशा, तेलाचा रंग आणि पट्ट्याची अंदाजी लांबी लिहून ठेवावी व छायाचित्रे घ्यावीत. नमुना काचेच्या स्वच्छ बाटलीत घेऊन पंचांसमक्ष तिचे तोंड बंद करावे. प्लास्टिकच्या बाटलीतील नमुन्याची पुढे तपासणी नीट होत नाही. या नमुन्याशी ताडून पाहण्यासाठी त्याच जागेच्या स्वच्छ चिखलाचा नमुना व छायाचित्र आधीपासून दप्तरी असावे लागते. ते काम तेल नसताना, एखाद्या साध्या अमावास्येच्या ओहोटीस उरकून घ्यावयाचे असते.